ह्याला माझं आमेन न्हाय

पाळकसाहेब, मंडळीतले सगळे, कोऱ्हाळ्याहून आलेले माझ्या सासुरवाडीचे लोक, इंदापूरचे माझे भाऊ, गल्लीतले शेजारी. तुम्ही कामधंदा सोडून मार्थाच्या स्मरणसभेला आलात. मला चारचौघांत बोलता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. चर्चमध्ये मी कायम मागच्या बाकावर बसतो. आज मला पुढे उभं केलंय, आणि मला राग आलाय. रागातच बोलणार आहे. सांभाळून घ्या.

दफनाच्या दिवशी मला कितीतरी जणांनी एकच वाक्य सांगितलं. देवाला सुंदर फुलं आवडतात, म्हणून तो ती लवकर तोडून नेतो. माझी बायको फूल नव्हती हो. दोन म्हशींचं शेण काढणारी, माणसाला तोंडावर बोलणारी बाई होती. तिच्या पोटात कॅन्सर झाला आणि ती हाल होऊन गेली. त्याला फूल म्हणू नका. निदान माझ्यासमोर म्हणू नका.

आमच्या घरी रोज संध्याकाळी प्रार्थना व्हायची. मी शिकलेला, त्यामुळे मीच करायचो. "हे स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणी नम्रपणे येतो." झालं की मार्था हसायची. म्हणायची, "तुमची प्रार्थना म्हंजी अर्ज हाय. महोदय तेवढं घालायचं राहिलं."

मी म्हणायचो, "अगं, देवाशी नीट बोलायला नको?"

"त्यो काय तहसीलदार हाय व्हय?"

ती स्वतः कशी करायची? म्हशीच्या धारा काढता काढता. "देवा, हितं बस जरा. रात्रभर पोट दुखलं. तुला दिसत न्हाय का दिसून गप हायस? आज तरी सांग." मला लाज वाटायची. भिंतीपलीकडे रफिकभाईंचं दुकान, त्यांना ऐकू जायचं. एकदा ते मला म्हणाले, "भाभी कुणावर चिडल्यात?" मी म्हणालो, "देवावर." ते म्हणाले, "मग ठीक आहे. मला वाटलं तुमच्यावर."

मग आजार वाढला. घरी प्रार्थनासभा ठेवली. तुमच्यातले बरेच जण त्या दिवशी होते. मंडळीतले ज्येष्ठ म्हणून जोसेफकाकांनी प्रार्थना केली. काका, तुम्ही समोर बसलाय. तुमच्या मागे बोलण्यापेक्षा समोर बोलतो. तुम्ही म्हणालात, "प्रभू, आमच्या भगिनीचा विश्वास दुर्बल आहे. तिच्या जीवनातलं लपलेलं पाप उघड कर, म्हणजे तिला आरोग्य मिळेल." सगळी खोली म्हणाली, आमेन.

खाटेवरून मार्था म्हणाली, "थांबा. ह्याला माझं आमेन न्हाय."

काका, तुम्ही म्हणालात, "पोरी, प्रार्थनेत असं बोलू नये."

"काका, आमेन म्हंजी काय? तसंच होवो. मला पापामुळं रोग झाला, हे तसंच होवो असं मी कशाला म्हणू? मी न्हाय म्हणायची." आणि लगेच म्हणाली, "चहा ठेवलाय. पिऊन जावा समद्यांनी."

चहा प्यायलात. आणि बाहेर जाऊन काय म्हणालात? बाईला गर्व आहे, म्हणून बरी होत नाही. हे माझ्या कानावर आलं. तिच्याही आलं. औषधांनी उलट्या होत होत्या, त्यात हे तिला ऐकावं लागलं. कशासाठी? तिनं कुणाचं काय वाकडं केलं होतं? जी बाई रोज देवाशी बोलते, जाब विचारते, तिचा विश्वास कमी? मग माझा किती होता? मी तर नुसते अर्ज करत होतो.

आणि देवावरही मला राग आहे. पाळकसाहेब, हे चर्चमध्ये बोलतोय, माफ करा. मी तिच्यासाठी किती नम्रपणे मागितलं. काही मिळालं नाही.

ती गेल्यावर मी प्रार्थनाच बंद केली. परवा कामावर निघालो होतो. एमआयडीसीच्या रस्त्याला लागलो आणि हेल्मेटच्या आत ओरडलो. "तू कुठं होतास? ती तुला रोज हाक मारत होती. तू कुठं होतास?" काच आतून धुरकट झाली, पुढचं दिसेना. गाडी उसाच्या कडेला उभी केली आणि तोंडाला येईल ते बोललो. स्वर्गीय पिता वगैरे काही आठवलं नाही. उत्तर आलं नाही. पण समोर कुणीतरी ऐकतंय असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं. का वाटलं, माहीत नाही. राग तसाच आहे. आज सकाळीही भांडलो. उद्याही भांडणार. मला शांत हो म्हणू नका.

आता कार्यक्रमात शेवटची प्रार्थना जोसेफकाकांची ठरली आहे. काका, तुम्ही वयानं मोठे आहात, मी हात जोडतो. आज नको. तिच्याबद्दल शेवटचा शब्द तुमचा नको. तिच्यात विश्वास कमी होता असं ज्यांना अजून वाटतं, त्यांनी ते इथंच सोडून जावं. माझ्या पोरीला शाळेत, नळावर ते ऐकावं लागू नये. एवढंच मागतो.

आपण सगळे उभे राहू. थोडा वेळ कुणी मोठ्यानं बोलू नका. ज्याला देवाशी बोलायचंय त्यानं मनात, आपल्या घरच्या बोलीत बोलावं. रडायचं असेल तर रडा. चिडायचं असेल तर चिडा. तो ऐकतो का नाही, ते माझं मी त्याला विचारतोय.

मार्था, सलाम.

उठा मंडळी.