मेघासाठी जड पिशवी

दिवाळीच्या सुट्टीत जळगाव बसस्थानकावर शिरपूरच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर असोद्याचे एक आजोबा-आजी नातवंडांना न्यायच्या भेटवस्तूंवर बोलत होते. ते संभाषण जसे ऐकले तसे येथे देतो.

“प्रेमराजला लाटणं? अगं, पोरगा आहे तो!”

“त्यानंच मागितलंय. पोळी गोल झाली म्हणून फोनवर नाचत होता.”

“आणि मेघाला?”

“तिलाही लाटणंच. नातवंडांना सारखंच द्यायचं, ही आमच्या माहेरची रीत.”

“ती लाटणं फोडून आत काय आहे ते बघेल.”

“बघू द्या. तुम्ही ओरडू नका म्हणजे झालं. उन्हाळ्यात तिनं तुमचा रेडिओ उघडला, तुम्ही ओरडलात, तेव्हापासून पोरगी फोनवर तुमच्याशी बोलत नाही.”

“माहीत आहे, पुष्पा.”

“सरका, ती पिशवी इकडे घेते. अगं बाई! एवढं जड काय भरलंय, आबा?”

“रेडिओ.”

“शिरपूरला जाऊन बातम्या ऐकणार?”

“मेघाला द्यायचाय. म्हणावं, बठ्ठा उघड, सगळाच्या सगळा.”

“म्हणजे माझी रीत मोडलीत!”

“मोडली. मागचे स्क्रू गंजले होते, तेल घालून सैल करून ठेवलेत. तिच्या हातानं निघाले पाहिजेत.”

“आणि पेचकस?”

“दोन घेतलेत.”

“एका पोरीला दोन कशाला?”

“एक मला.”