भर दुपारी द्रौपदीचा फोन

"हॅलो?… कोण?… जरा मोठ्याने बोल, इथे पोरांचा गलका आहे… द्रौपदी?"

विमलाने हात वर करून पोरांना गप्प केलं. सुट्टी लागली त्याच आठवड्यात शेजारच्या द्रौपदीचा मोठा मुलगा सहदेव भर उन्हात खदानीच्या पाण्यात उतरला आणि बुडाला. बरोबर विमलाची जानकी होती. ती तेवढी परत आली. मग द्रौपदी धाकट्या चंदूला घेऊन भांडुपहून कांदिवलीला भावाकडे गेली, ती विमलाशी एक शब्द न बोलता.

"बोल गं, ऐकतेय… काय झालं चंदूला?… कुलूप? दिवसभर?… अगं, मग डोकं आपटेलच ना पोर… नाही, नाही, तुला नाही बोलत. रडू नको…"

"माझ्याकडे? हो, चाळीतली सगळी इथेच असतात… कशी म्हणजे? खिडकीला ओलं पोतं लावते, लादीवर पाणी मारते. मग चिंचोके खेळतात, काड्यापेट्यांच्या गाड्या करतात. काल चिंध्यांच्या बाहुल्या केल्या. आज कणीक दिलीय, बैल करतायत… भांडतात गं, कंटाळतात पण. मग गोष्ट सांगते… नाही, कुलूप नाही. दार उघडंच. मी उंबऱ्यात बसते… नाही झोपत. आता दुपारचा डोळाच लागत नाही, द्रौपदी."

विमलाने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? आहेस ना?… जानकी? आहे… तिच्याशी काय बोलायचंय?… अगं ऐक ना, लहान आहे ती. हवं ते मला बोल, मला शिव्या घाल… बरं. बरं, देते."

जानकीने पिठाचे हात फ्रॉकला पुसले. विमलाने रिसीव्हर तिच्या कानाला लावला.

"हॅलो… हो मावशी, मीच… हो, होते… मी हात धरला होता त्याचा… घट्ट धरला होता. पण माझेपण पाय घसरत होते… सुटला, मावशी."

विमलाने डोळे मिटले. हे तिने स्वतः लेकीला कधी विचारलंच नव्हतं. विचारायची छातीच झाली नव्हती.

"नाही… रात्री नाही येत झोप… हो… जेवले… थोडंच… हो, जेवीन मावशी. खरंच जेवीन… चंदूला आण ना इकडे. मी बघते त्याला… देऊ आईला?"

विमलाने रिसीव्हर घेतला.

"द्रौपदी… हो… उद्या? ये ना गं, ये… स्टेशनवर येते मी घ्यायला… असू दे ऊन. येते म्हटलं ना… काय?… नाही, तू काही बोलू नको आता. फक्त ये… हो. ठेव."

ती वळली तेव्हा जानकी तिच्या कमरेला मिठी मारून रडत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. विमला तशीच लादीवर बसली, आणि तिने लेकीला पोटभर रडू दिलं.