अण्णांचे बारा ठोके

अरे, कोसाडला आपल्या लूमवाल्यांची चार मजली कॉलनी होणार होती ना, तेव्हा धमाल झाली! माझ्या बहिणीनं तिथं घर नोंदवलेलं आणि मी डिप्लोमा सोडून तिथल्याच माती तपासणाऱ्या टोळीत लागलेलो. काम साधं. जमिनीत भोक पाडून त्यात रॉड उभा करायचा, त्यावर जड हातोडा सोडायचा आणि रॉड फूटभर जायला किती ठोके लागतात ते मोजायचं. ठोके कमी, तर रेती भुसभुशीत. अशी ओली रेती भूकंपात वरणासारखी पातळ होते आणि वरची इमारत कलंडते.

मोजायला धुळ्याचे अण्णा. मशीनकडे पाठ, डोळे मिटलेले, गालात तंबाखू. वीस फूट खोलीवर हातोडा नुसता टेकवला आणि रॉड आपोआप फूटभर आत! मी ओरडलो, "अण्णा, शून्य!"

"शून्य कधी असतं का रे? बारा लिही, चालशे," अण्णांनी इथली गुजराती झाडली.

माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात इंजिनिअर साहेब आले. मी त्यांना शेजारी दुसरं भोक पाडायला लावलं. पुन्हा वीस फूट, पुन्हा हातोडा नुसता टेकवला. रॉड सरसर खाली, आणि अण्णा पाठमोरे, अगदी सुरात, "एक... दोन... तीन..."

बारावर स्वतःच थांबले.

साहेब म्हणाले, "काका, हातोडा अजून एकदाही सोडलेला नाही." मग वही माझ्या हातात दिली. "शून्य लिही. पाया बदलावा लागेल."

अण्णा माझ्यावरच खेकसले, "कालचं पोरगं! तीस वर्षं मोजतोय मी!"

"मग तीस वर्षांत एकदा तरी वळून बघायचं ना!"