बिनकाठीचा साहेब

...आन् गाईला हाकायचं न्हाई म्हणं! मग काय करायचं? तर सुचवायचं! आता तुमीच सांगा, समोर लाल कंधारी गाय, शिंगं ही अशी, पोट हे असं, तिला आमच्या भुजंगनं काय सुचवायचं? "बाई, जरा इकडचं गवत खाऊन बघता का?" आन् हे सगळं फुकट बरं का! सोताच्या राजीखुशीनं!

तुमाला सांगतो, भुजंग म्हंजे आमचा शेजारी. परभणीत चष्म्याच्या दुकानात कामाला. पांढरा शर्ट, खिशाला पेन, दिवसभर लोकांना "वरची ओळ वाचा, आता खालची वाचा" म्हणणारा सरळ माणूस. मूळ गाव राणीसावरगाव. बाप लिंबाजीनं उभी जिंदगी दुसऱ्याची गुरं राखली आन् एकच पण केला, माझ्या लेकराच्या हातात काठी यिऊ देणार न्हाई. लेकरू शिकलं, शहरात आलं, पंख्याखाली बसलं. झालं की न्हाई चांगलं? पण प्रियांकाच्या, म्हंजे त्याच्या बायकोच्या, मोबाईलला कोण आवरणार! तिनं बघितला एक व्हिडिओ... सोनपेठच्या अलीकडं एका संस्थेनं उजाड माळ धरलाय, त्याच्यावर देशी गाई चारून जुनं गवत परत आणायलेत, रविवारी स्वयंसेवक पाहिजेत.

"अहो, जाऊया ना! मोकळी हवा!"

"अगं, गवत वाचवायचं तर गाई कामून सोडायच्या? दुधाच्या राखणीला मांजर बसवायलेत का?"

"ते शास्त्र आहे," प्रियांका म्हणली. शास्त्र म्हटल्यावर नवरा काय बोलणार?

तिथं मंजुषाताई. संस्थेच्या बाई. आवाज असा मऊ की ऐकता ऐकता झोप लागावी. "भुजंगजी, गाय चरते, तिच्या खुरानं बी मातीत दाबलं जातं, शेण पडतं. मग तो तुकडा तारेनं बंद करायचा, गाई पुढच्या तुकड्यात न्यायच्या. एवढंच!" एवढंच! "फक्त काठी नको, गाय बिथरते. आणि ओरडायचं नाही हं, टिटवी अंड्यांवर बसलीय." शिट्टी? "टिटवी, भुजंगजी." बरं, टाळी तरी? "टिटवी!" आवो, ती टिटवी सोता बोंबलून अख्खा माळ डोक्यावर घ्यायली, तिला कोण काय म्हणत न्हाई, आन् भुजंगला खोकायची चोरी!

प्रियांकाला बसवलं झाडाच्या सावलीत, गवताचं बी निवडायला. भुजंग उन्हात. डोक्यावर संस्थेची हिरवी टोपी, पायाला गोचीड, आन् मधी बॅटरीवरची करंटची तार. गाईला ती तार ठावी होती, भुजंगला न्हाई! असा झटका बसला की बिचारा जागच्या जागी नाचला... तोंड दाबून! टिटवी! गाय रवंथ करत बघायली. आन् हे सगळं फुकट! सोताच्या राजीखुशीनं!

तरी म्हणा, भुजंगनं हे बी गप सोसलं असतं. पण एका रविवारी तीच गाय तारेखालून निसटली ती थेट बांधापलीकडच्या व्यंकटीच्या सोयाबीनमधी. भुजंग मागं पळायलाय आन् हळू आवाजात ओरडायलाय! माणसानं हळू आवाजात कधी ओरडलंय का? व्यंकटीला कुठली टिटवी आडवी यायला, त्यानं बांधावरून जी आरोळी ठोकली... "कोणाचं हाय रं हे जनावर?" आन् जवळ येऊन तोंड बघितलं. "आरं, तू लिंबाजीचा भुजंग न्हाई का? चष्म्याचं दुकान सुटलं का रं?"

व्यंकटीची सासुरवाडी कुठली? राणीसावरगाव! भुजंगनं घरी जाऊन पाय धुवायच्या आत गावात बातमी, लिंबाजीचं पोरगं गुरं वळायलंय.

पुढच्या रविवारी म्हातारा लिंबाजी एसटीनं हजर. धोतर, टोपी, तोंडावर आभाळ आलेलं. माळावर लेकासमोर उभा ऱ्हायला.

"गुरं कोणाची?"

"संस्थेची, बापू."

"पगार?"

"न्हाई."

"दूध?"

"वासरं पितात."

"शेण तरी?"

"ते जिथं पडलं तिथंच ठिवायचं असतंय."

म्हातारा मटकन खाली बसला. मग म्हणला, "म्या पावसात, चिखलात लोकांची गुरं राखली. तुझी माय माझ्या वाटंकडं बघत उपाशी बसायची. कामून? तुझ्या हातात काठी यिऊ न्हाई म्हणून."

भुजंगनं दोन्ही हात पुढं केले, म्हणला, "हातात काठी न्हाई, बापू."

"काठी न्हाई? मग गुरं कशी वळतूस?"

"...सुचवतो."

म्हातारा लेकाकडं बघायलाय, लेक मातीकडं बघायलाय, आन् तेवढ्यात बांधावरून व्यंकटी! "काय लिंबाजी! पोरगं शेवटी तुमच्याच लाईनीला लागलं की!"

आन् तुमाला सांगतो, म्हातारा उठला. धोतर झटकलं. छाती काढली. "कोण म्हणतंय? नीट बघ की जरा! हातात काठी हाय का त्याच्या? काठीवाला असतो तो गुराखी. बिनकाठीचा असतो तो साहेब! सगळा माळ त्याच्या हाताखाली हाय!" व्यंकटीनं भुजंगला खालून वर बघितलं. हिरवी टोपी बघितली. आन् काय सांगू, गड्यानं नमस्कार घातला! भुजंगनं तोंड उघडलं, पण बापाचं तोंड बघितलं आन् तसंच मिटलं. आयुष्यात खोटं न बोललेला माणूस, लेकासाठी भर उन्हात धडधडीत खोटं बोलला... तिथं लेकानं काय खरं सांगावं?

झालं! म्हाताऱ्यानं गावात जाऊन पारावर तेच लावलं. दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात गावाकडची गोजरबाई. भुजंगला वाटलं नंबर काढायला आली. ती म्हणती, "साहेब, आमच्या जावयाला बी चिकटवा की माळावर! लय गुणाचा हाय. काठी न्हाई धरायचा, मी सांगते त्याला!" तिच्या मागं आणखी दोघं. मालक बघायलाय, गिऱ्हाईक ताटकळायलंय... आन् भुजंगनं ठरवलं, बास! आता मंजुषाताईला फोन करायचा, रविवारपासून येत न्हाई म्हणायचं, आपला आराम बरा.

फोन हातात घेतला, तर त्याच्यावर बापाचाच फोन! "भुजंगा, रविवारी गावातली माणसं घेऊन यायलोय, तुझं हापीस बघायला. सरपंच बी येतो म्हणला. टोपी धुऊन ठिव."

रात्री भुजंग पलंगावर चादर आंथरून हिरवी टोपी इस्त्री करत बसला. प्रियांका म्हणली, "अहो, तुम्ही तर सोडणार होतात ना?"

"सोडलं असतं गं," भुजंग म्हणला, "राजीनामा द्यायला फोन बी हातात घेतला होता... पण नोकरीच न्हाई, तर राजीनामा कशाचा देऊ?"