मेंढरं माघारी आली ती येळ

...न्हाई, पर मला सांगा, एका घरात दोघं बसली म्हंजी वाटोळंच व्हनार, हे ठरवलं कुनी? मी आन धोंडूबाई पंचावन्न वर्सं एका घरात बसलोय, भांडतोय बी, पर त्यापायी कुना तिसऱ्याचं लगीन मोडलंय का कवा? आन हितं मंगळ आन शनी, दोघं तिकडं आभाळात, आन मोडाय निघाली कुनाचं, तर आमच्या उत्कर्षाचं लगीन! आता मी काय संशयी मानूस न्हाई... पर तुमीच सांगा!

तुमाला म्हनून सांगतो, एरवी मी बोलत न्हाई. जलमभर मेंढरांमागं हिंडलो, दिसाकाठी चार शब्द बोललो तरी लय, त्यातलं तीन मेंढरांशी. पर ह्ये पोटात ऱ्हाईना.

उत्कर्षा माझी नात. कराडला शिकून इंजिनेर झाली, तिथंच तिला लोणंदचा अमृत भेटला. पोरगं मऊ सोभावाचं. तिनं बापाच्या आधी मला सांगितलं, धोतराचा सोगा धरून म्हनली, "आबा, हाच." पोरगी हाच म्हनली, इषय संपला का न्हाई? न्हाई! अमृतचा बाप दादासो म्हनला, "पावनं, पोरगी पसंत हाय, काय प्रश्नच न्हाई, फकस्त एकदा पत्रिका..." आता आमच्यात पत्रिका कुटली? तर कराडचं मधू गुरुजी म्हनं नवी करून देत्यात, जन्माची येळ तेवढी कळवा. उत्कर्षानं फोनवर मला इचारलं, "आबा, मी कवा झाले?" मी म्हनलो, "मेंढरं माघारी आली तवा." झालं! सांगितली येळ, केली पत्रिका, आन गेलो की समदी कराडला.

गुरुजींनी कागद उलगडला, चष्मा नाकावर घेतला, आन एकदम, "अरेरेरे!"... आवं, दवाखान्यात डाक्टर बी असं करत न्हाई! म्हनलं, काय झालं? तर, "मंगळ-शनीची युती! आणि ती कुठं? सप्तमात! विवाहाच्या स्थानात! आग आणि बर्फ एका घरात. हिच्या नवऱ्याचं काही खरं नाही."

मी म्हनलं, "गुरुजी, ह्या दोघांतलं घरचं कोन आन पावना कोन?" ते म्हनले, "म्हणजे?" म्हनलं, "आधी कोन आलं हुतं तिथं?" म्हनले, "शनी. तो अडीच वर्षं हलत नाही. मंगळ दीड महिन्यात निघून जातो." म्हंजी बगा, मंगळ बिचारा वाटंनं चालला हुता, टेकला जरा, आन तेवढ्यात आमची पोरगी जल्मली, तर तिच्यावर आळ! आन ह्ये चाललंय तवा त्यो दादासो काय करतोय? मांडीवर पिशवी, पिशवीत पोराची पत्रिका, आन पिशवीच्या तोंडावर हात! म्हनलं, पोराची बी काढा की. तर, "काढू, काढू, आधी पोरीचं बघू." आता मी काय संशयी मानूस न्हाई... पर तुमीच सांगा!

गुरुजी म्हनले, "संध्याकाळी आठचा जन्म, वृश्चिक लग्न, दुसरं काही निघणारच नाही."

म्हनलं, "सांजचं आठ? कोन म्हनलं?"

उत्कर्षा म्हनली, "आबा, तुमीच म्हनला, मेंढरं माघारी आली तवा... म्हनून मी सांजचं आठ कळवलं."

आरं माज्या कर्मा! शहरात वाढलेली पोर, तिला काय ठावं? आवं, वैशाखात मेंढरं दोनदा माघारी येत्यात! पहाटंच सोडायची, ऊन तापलं की आनून झाडाखाली बसवायची, आन ऊन उतरलं की परत न्यायची. ही झाली ती सावलीला आनली तवा! चिंचंखाली घोंगडं आडवं बांधलेलं, आतनं रडन्याचा आवाज आला, मी हातातली काठी तिथंच टाकली. माझी सावली पायापाशी वीतभर हुती. समदं सांगितलं गुरुजींना.

गुरुजींनी इचार केला, "वीतभर... म्हणजे साडेअकरा." मोबाईलवर पंचांग बघितलं, पुन्हा आकडं मांडलं, आन... "अहाहा! कर्क लग्न! युती गेली अकराव्यात. लाभस्थान! ही मुलगी जिथं जाईल तिथं भरभराट!"

आता बगा, मंगळ त्योच, शनी त्योच, कुनी जाग्यावरनं उठलं न्हाई. मगाशी नवरा गिळत हुती, आता भरभराट करत्यात! आता मी काय संशयी मानूस न्हाई...

दादासोचा पार जीव भांड्यात पडला. हसत हसत पिशवीत हात घातला, पोराची पत्रिका काढली. गुरुजींनी बघितली. आन पुन्हा, "अरेरेरे!"

"दादासो, तुमच्या मुलाला कडक मंगळ आहे! याला मंगळाचीच मुलगी हवी. आधीची पत्रिका असती तर मंगळाला मंगळ, उत्तम जुळलं असतं. आता हिचा गेला, याचा राहिला. नाही जमत."

म्हंजी ऐका! दादासोला ठावं हुतं! आधीच्या चार सोयरिकी ह्याच पायी मोडल्या हुत्या, म्हनून पिशवीवर हात! पर त्यो बी बाप, मान खाली घालून बसला. आन आमची उत्कर्षा, पायाच्या अंगठ्यानं फरशी खरडत. लहानपनी दिवाळीच्या सुट्टीला आली आन कोकरू मेलं तरी अशीच बसायची.

मी जलमात खोटं बोललो न्हाई. पर म्हनलं, "गुरुजी, चुकलं माझं. म्हातारा मानूस. मेंढरं सांजच्यालाच आली हुती."

"मग ती वीतभर सावली?"

"ती... चांदन्याची."

गुरुजींनी चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. मंग म्हनले, "बरं. आठ. सप्तमात युती. जुळतंय." उत्कर्षानं माझा हात असा दाबला म्हनता! दादासो तर पाया पडाय लागला. आन तेवढ्यात गुरुजी म्हनले, "मात्र दोष मोठा. ज्यानं वेळ सांगितली, त्यानं अकरा शनिवार कडक उपास करायचा. भगर, साबुदाणा काही नाही. फक्त पाणी."

आता ह्ये कुटल्या पोथीत हाय? येळ सांगनाऱ्यानं उपास? का त्यो मानूस समदं वळखून बसला हुता? आता मी काय संशयी मानूस न्हाई... पर तुमीच सांगा!

आज तिसरा शनिवार. सकाळी धोंडूबाईला म्हनलं, "आगं, पोरीची सुईन तूच हुतीस, ऊन तुज्या डोक्यावर हुतं, सातव्या घरात कायबी न्हाई, वाढ की चतकोर!"

तर माझ्याम्होरं भाकरी मोडत म्हनती कशी, "व्हय, मला ठावं हाय की. जावा, गुरुजीस्नी सांगून या, मंग वाढते."

...जरा त्यो पान्याचा तांब्या सरकवा हिकडं.