जन्म स्कॉटलंडातलाच हवा

कर्नी, न्यू जर्सी, १८९४. बोटीच्या तिकिटांच्या रांगेत माझ्यापुढे दोऱ्याच्या गिरणीतल्या दोन बायका उभ्या होत्या. धाकटी गरोदर होती.

"एफी, सातव्या महिन्यात बोटीनं ग्लासगोला?"

"डंकनचा हट्ट, काकू. त्यांच्या फुटबॉल क्लबात स्कॉटलंडात जन्मलेल्यालाच घेतात."

"मग नियम बदला म्हणावं!"

"नियम त्यानंच केलाय. क्लब काढला तेव्हा सगळेच तिकडून आलेले. पोरंबाळं कुणाला होती?"

"आणि मुलगी झाली तर?"

"तर म्हणे, पुढच्या खेपेला परत जा."

"मेल्याला लाज नाही! आणि तू निघालीस?"

"मी कुठली! तिकीट त्याच्या नावाचं काढतेय. बाळ इथंच जन्मेल. नियम बदलला, तरच तिकीट परत करीन."