प्रमिलाच्या गुडघ्यांसाठी

शैलेंद्र : पुन्हा सांग. पर्समध्ये काय आहे?

अर्चना : अरे, माझ्या पायांचं तेल. जिभेखाली दोन थेंब टाकते आणि झोपते. केमोपासून तळपायांची कशी आग होते, तुला माहीत आहे. विमानात छान झोप लागली, म्हणून कौतुकाने फोन केला, तर तू उलटतपासणीच सुरू केलीस.

शैलेंद्र : ताई, तू गांजाचं तेल घेऊन दुबईला येतेयस?

अर्चना : हळू बोल. औषध आहे ते. अमेरिकेतल्या आमच्या राज्य सरकारचं पेशंट कार्ड आहे माझ्याकडे. फोटो, नंबर, डॉक्टरची शिफारस, सगळं रीतसर. दरवर्षी रिन्यू करते. ज्याचं कार्ड त्यानेच घ्यायचं, दुसऱ्याला थेंबभरही द्यायचं नाही, इतके कडक नियम. मी तर लॅमिनेटसुद्धा करून घेतलंय.

शैलेंद्र : ते कार्ड तुमच्या राज्यापुरतं. इथे त्याला लायब्ररीच्या कार्डाएवढीही किंमत नाही. सापडलं तर आधी आत टाकतात, मग विचारतात.

अर्चना : माझ्यासारख्या म्हातारीला?

शैलेंद्र : हो. आणि तिला न्यायला आलेल्या भावालाही. माझा व्हिसा, नोकरी, ओवीचा उद्याचा साखरपुडा, सगळं खलास. अजून फ्रँकफर्टलाच आहेस ना? ऊठ, बाथरूममध्ये जा आणि ओतून टाक.

अर्चना : आणि तुझ्याकडे महिनाभर झोपू कशी? त्या आगीत मी काय रात्री काढल्यात, तुला सांगून कळायचं नाही.

शैलेंद्र : इथल्या डॉक्टरकडे नेतो. गार पाण्यात पाय धरून मी बसेन तुझे. पण ते ओत, ताई. मी फोन ठेवत नाही.

(फोनवर बॅगांच्या चाकांचा आवाज, मग नळाचं पाणी, मग पुन्हा गर्दी.)

अर्चना : गेलं. बाटली विसळून टाकून दिली. झालं समाधान?

शैलेंद्र : आता तुझ्याकडे काही नाही ना?

अर्चना : प्रमिला जवळ आहे का?

शैलेंद्र : हॉलवर गेलीय, सजावट बघायला. का?

अर्चना : म्हणत होती ना, गुडघे धरतात, जिना चढवत नाही. म्हटलं, मुलीच्या साखरपुड्यात दिवसभर उभं राहायचंय बिचारीला. थोडं तिच्यासाठी काढलं. खोबरेल तेलाच्या बाटलीत. मोठ्या बॅगेत आहे.

शैलेंद्र : ती बॅग कुठे आहे?

अर्चना : निघतानाच दिली. थेट दुबईपर्यंत.

शैलेंद्र : दुसऱ्याला थेंबभरही द्यायचं नाही म्हणालीस.

अर्चना : प्रमिला दुसरी कशी रे?

ओवी : बाबा, फोन स्पीकरवर आहे. आत्या, मी सगळं ऐकलं.

अर्चना : मग तूच सांग बाई तुझ्या बापाला. खोबरेल तेलाची बाटली कोण उघडून बघतंय? आपल्या प्रत्येक माणसाच्या बॅगेत एक असते.

ओवी : आत्या, दॅट्स वर्स. लेबल असतं तर निदान मेडिसिन दिसलं असतं. नाऊ इट लुक्स लाइक यू हिड इट.

अर्चना : लपवलं नाही गं. आपण लोणचंसुद्धा जॅमच्या बाटलीत आणतो. घरात रिकामी तेवढीच होती.

शैलेंद्र : मी खोर फक्कानच्या पोर्टवर कामाला आहे, रोज बघतो, ताई. कितीतरी कंटेनर न उघडता जातात. एखादाच उघडतात. तो कुणाचा, ते आधी कुणाला माहीत असतं?

अर्चना : मग मी पट्ट्यावरून बॅग उचलतच नाही. फिरू दे.

शैलेंद्र : टॅगवर तुझं नाव आहे.

ओवी : तू बसलीच नाहीस तर ते बॅग पण उतरवतात. बट देन, सीट असलेली पुढची फ्लाइट उद्या संध्याकाळची आहे. मी आत्ताच बघितलं.

अर्चना : आणि साखरपुडा दुपारी.

शैलेंद्र : हो.

अर्चना : ओटी मी भरणार होते तिची. आई असती तर तिने भरली असती.

ओवी : बाबा, पोस्टपोन करू या ना. आय वॉन्ट हर हिअर.

शैलेंद्र : मुलाकडचे सगळे पुण्याहून आलेत. उद्या रात्री परत जायचेत ते.

अर्चना : नको गं, ओवी. शैलू, तू म्हणालास तर येते मी तशीच. एकदा 'ये' म्हण.

शैलेंद्र : येऊ नकोस, ताई.

अर्चना : बरं. बोर्डिंगची रांग लागलीय. काउंटरवर जाते.

ओवी : काय सांगशील त्यांना?

अर्चना : सांगेन, बॅग उतरवा, मला भावाकडे जायचं नाहीये. आणि शैलू, प्रमिलाला बाटलीचं काही बोलू नकोस, उगाच मनाला लावून घेईल. ताईचे पाय दुखायला लागले, म्हणून आली नाही, असं सांग. रात्रीपर्यंत ते खरंच होईल.